यंत्राने सांगितलेला आकडा खरा कशावरून?

हैदराबादेतील जुन्या मराठी कुटुंबांतून अजूनही हाली आणि कलदार या दोन रुपयांची गोष्ट सांगितली जाते. संस्थानचा तो हाली सिक्का आणि इंग्रजी मुलखातला तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण हिशेब असे. नाव दोहोंचेही रुपयाच. त्यामुळे वहीत नुसते 'शंभर रुपये' एवढेच लिहिलेले आढळले, तर देणेकरी आणि घेणेकरी यांच्यात वाद ठरलेलाच. शंभर हाली म्हणजे कलदाराच्या हिशेबाने पंचाऐंशी रुपये आणि वर काही आणे. आकडा खोटा नसे, परंतु तो कोणत्या मापाने वाचावयाचा हे ठाऊक नसेल तर खरा आकडाही माणसाला फसवीत असे. पुढे 1950च्या दशकात हाली सिक्का व्यवहारातून गेला, तथापि त्याने शिकविलेला धडा जुना झालेला नाही.

आज घरोघरी, शाळांतून, बँकांतून आणि रुग्णालयांतून संगणक आहेत. या यंत्रांच्या पोटातही असाच हाली-कलदाराचा हिशेब अहोरात्र चालू असतो. तो एके ठिकाणी कसा चुकला, कसा दुरुस्त झाला, आणि अशा दुरुस्तीची पारख करणारा माणूस नेमके काय पाहतो, हे साध्या भाषेत सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. मी शाळेत गणित व विज्ञान शिकवितो. त्यामुळे विषय थोडा यंत्राचा वाटला, तरी दहावीपर्यंतच्या अंकगणितापलीकडे वाचकांना नेणार नाही, एवढी हमी आरंभीच देतो.

संगणकाच्या पोटातील पहारेकरी

भिंतीतून येणारी वीज 230 व्होल्टची. संगणकातील नाजूक भागांना ती सोसत नाही. म्हणून आतील पेटी तिचे रूपांतर 12 व्होल्ट, 5 व्होल्ट व 3.3 व्होल्ट अशा सौम्य दाबांत करते. हे दाब ठरल्या मर्यादेतच राहिले पाहिजेत. सामान्यतः वरखाली पाच टक्क्यांची सूट असते. म्हणजे 12 व्होल्टचा दाब 11.40 ते 12.60 यांच्या दरम्यान चालतो. तो फार खाली गेला तर यंत्र मध्येच बंद पडते, अथवा लिहिलेली माहिती बिघडते. फार वर गेला तर भाग जळतात.

या दाबांवर पहारा ठेवण्यासाठी मदरबोर्डवर एक लहानशी चिप बसविलेली असते. ती दाब मोजते, उष्णता मोजते, पंख्याचे फेरे मोजते. घड्याळ चालू ठेवणारा जो नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल असतो, त्याचीही ती खबर ठेवते. मात्र ही चिप मुकी असते. तिचे आकडे वाचून माणसाला कळेल असे सांगणारा जो दुभाषी, त्यास ड्रायव्हर म्हणतात. 1991 साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स या प्रणालीत अशा चिपांसाठी अनेक ड्रायव्हर आहेत. त्यांचा मजकूर कोणालाही वाचावयास मोकळा असतो, आणि जगभरातील माणसे त्यात दुरुस्त्या सुचवितात.

शिडी आणि पायऱ्या

चिप दाब कसा मोजते? तिच्याजवळ एक शिडी आहे अशी कल्पना करावी. आजच्या पुष्कळ चिपांत या शिडीवर 0 ते 255 अशा 256 खुणा असतात आणि दोन खुणांतील अंतर 8 मिलिव्होल्ट असते. व्होल्टचा हजारावा भाग म्हणजे मिलिव्होल्ट. आलेला दाब कितव्या पायरीपर्यंत पोहोचतो एवढेच चिप पाहते, आणि तो पायरीचा अंक आपल्या रजिस्टरात, म्हणजे आपल्या इवल्याशा वहीत, टिपून ठेवते. 255 पायऱ्या गुणिले 8 म्हणजे 2040 मिलिव्होल्ट. म्हणजे ही शिडी दोन व्होल्टच्या किंचित वर संपते.

मग 3.3 व्होल्ट कसे मोजावयाचे? यास शाळेतला उपाय आहे. दोन सारखे रोध एकापुढे एक जोडले आणि मधल्या सांध्यावरून दाब घेतला, तर तो निम्मा मिळतो. 3.3 व्होल्टचे 1.65 व्होल्ट होतात आणि ते शिडीत मावतात. चिप 206 ही पायरी टिपते. आता हा अंक वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावयाचे की, येथे एका पायरीची किंमत 8 नसून 16 आहे. 206 गुणिले 16 म्हणजे 3296 मिलिव्होल्ट, अर्थात जवळजवळ 3.3 व्होल्ट. त्याने चुकून 8नेच गुणले, तर उत्तर 1648 येईल. पायरी तीच, चिपही तीच, आणि उत्तर मात्र निम्मे! कलदार समजून हाली मोजल्यासारखाच हा प्रकार.

येथे एक बारकावा आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे. दाब विभागणारे रोध दोन ठिकाणी असू शकतात. काही रोध चिपेच्या आत, कारखान्यातच बसविलेले असतात. ते त्या जातीच्या प्रत्येक चिपेत सारखेच असतात. दुसरे रोध चिपेच्या बाहेर, मदरबोर्डवर असतात. ते बोर्ड बनविणारा आपल्या सोयीने निवडतो. 12 व्होल्टसाठी एकजण 11 हजार व 1 हजार ओहमचे रोध घालून दाबाचा बारावा भाग घेईल, तर दुसरा आणखी काही प्रमाण घेईल. आतले रोध ड्रायव्हरला ठाऊक असू शकतात, बाहेरचे असू शकत नाहीत.

यावरून लिनक्समध्ये एक सोयीचा नियम पडला आहे. चिपेच्या पायाशी, म्हणजे जेथे तार चिपेला मिळते तेथे, जो दाब आहे तो ड्रायव्हरने मिलिव्होल्टमध्ये सांगावा. आतल्या रोधांचा हिशेब ड्रायव्हरकडे. बाहेरच्या रोधांचा हिशेब त्या यंत्राच्या मालकाकडे; त्याने तो एका वेगळ्या व्यवस्थापत्रकात लिहून ठेवावयाचा. दोन कारकुनांनी कामाची वाटणी करून घ्यावी तसे हे आहे. वाटणी पाळली तर घोटाळा होत नाही. एकाने दुसऱ्याचे काम केले की रक्कम दोनदा जमा होते, नाही तर मुळीच होत नाही.

2023 सालची एक दुरुस्ती

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नुवोटॉन या कंपनीच्या देखरेख-चिपांचे एक मोठे कुटुंब आहे. त्यातील पुष्कळ भावंडांसाठी लिनक्समध्ये 'एनसीटी 6775' या नावाचा एकच ड्रायव्हर आहे. त्यात पंधरा दाबांसाठी पंधरा गुणकांचा एक तक्ता होता. काही ठिकाणी 800 आणि काही ठिकाणी 1600. हे अंक मिलिव्होल्टच्या शतांशात आहेत. 800 म्हणजे पायरीस 8 मिलिव्होल्ट, 1600 म्हणजे 16. शतांश कशासाठी, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. प्रणालीच्या गाभ्यात दशांश अपूर्णांकांचे गणित टाळतात, सारा व्यवहार पूर्णांकांत होतो. आणि काही जुन्या चिपांत पायरीची किंमत 33.28 मिलिव्होल्ट अशी अपूर्णांकी असे. म्हणून आधी शंभरपट अंक धरावयाचा, गुणाकार करावयाचा, आणि शेवटी शंभराने भागावयाचे. आपणही पूर्वी पै-पैचा हिशेब पुरा करून मगच रुपये करीत होतो, तशीच ही रीत.

घोटाळा झाला तो असा. कुटुंबात 6798 व 6799 या नव्या चिपा आल्या. त्यांत व्हीटीटी, व्हिन-5 व व्हिन-6 या तीन दाबांची मोजणी पूर्वीच्या चिपांसारखी राहिली नव्हती. ड्रायव्हर मात्र थोरल्या भावंडांचाच तक्ता धाकट्यांनाही लावीत होता. परिणामी हे तीन दाब निम्मे दिसू लागले. 2023 साली दुरुस्ती आली. तिने या दोन चिपांसाठी वेगळा तक्ता केला, त्यात या तीन ठिकाणी 800च्या जागी 1600 घातले, आणि चिप ओळखण्याच्या वेळीच कोणता तक्ता घ्यावयाचा ते ठरविण्याची व्यवस्था केली.

दुरुस्ती एवढीच. वाचक म्हणतील, आठाचे सोळा करावयाचे, त्यास परीक्षण ते काय? परंतु खरे काम येथेच सुरू होते.

परीक्षक काय काय पाहतो

पहिला प्रश्न पुराव्याचा. 'दुप्पट केल्यावर आकडा बरोबर दिसतो' हा पुरावा होऊ शकत नाही. समजा, एखाद्याच्या यंत्रात 1.8 व्होल्ट असावयास हवेत आणि 0.9 दिसतात. निम्मे करणारे रोध चिपेच्या आत असतील, तर ड्रायव्हर चुकला आहे. पण तेच रोध त्याच्या बोर्डवर बाहेर असतील, तर ड्रायव्हर अगदी बरोबर आहे. पायाशी खरोखरच 0.9 व्होल्ट आहेत. दोन्ही वेळी पडद्यावर दिसणारे चित्र एकच! दुसऱ्या प्रसंगी ड्रायव्हर 'सुधारला', तर एका बोर्डाचे भले होईल आणि बाकी सर्व बोर्ड बिघडतील. म्हणून परीक्षक विचारतो: चिप बनविणाऱ्याच्या माहितीपत्रकात काय लिहिले आहे? निरनिराळ्या बोर्डांवर तोच अनुभव येतो काय? मल्टिमीटर लावून पायाशी दाब पाहिला आहे काय? एका रुग्णाला गुण आला म्हणून सगळ्या गावाला तेच औषध द्यावयाचे नसते.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. एकाच तक्त्यावर अनेक चिपा अवलंबून असतील, तर त्या तक्त्यातला अंक बदलल्याने ज्या चिपा आजवर बरोबर बोलत होत्या त्या उद्यापासून खोटे बोलू लागतील. वरील दुरुस्तीत तक्ता वेगळा केला तो यासाठीच. परीक्षकाने प्रत्येक जुन्या चिपेला तिचा जुनाच तक्ता मिळतो की नाही, हे ओळीओळीने तपासावयाचे असते.

तिसरा प्रश्न परतीच्या वाटेचा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तो हाच. ड्रायव्हर केवळ वाचत नाही, तो लिहितोही. मालक चिपेला सांगू शकतो की, दाब अमुक मर्यादेखाली अथवा वर गेला तर धोक्याची सूचना दे. चिप मात्र व्होल्ट जाणत नाही, ती पायरीशी पायरी ताडून पाहते. म्हणून मर्यादा लिहिताना ड्रायव्हरला उलट हिशेब करावा लागतो. मिलिव्होल्टला भागून पायऱ्या काढाव्या लागतात.

चुकीच्या गुणकाने येथे काय होत असे ते पाहा. खरा दाब 1.8 व्होल्ट, म्हणजे चिपेच्या वहीत 112 पायऱ्या. मालकाने खालची मर्यादा 1710 आणि वरची 1890 मिलिव्होल्ट सांगितली. ड्रायव्हरने 8ने भागून 214 व 236 या पायऱ्या लिहिल्या. पण येथे पायरी 16 मिलिव्होल्टची! म्हणजे प्रत्यक्षात मर्यादा बसल्या 3424 आणि 3776 मिलिव्होल्टवर. 112 ही पायरी 214च्या कितीतरी खाली, त्यामुळे धोक्याची सूचना कायम चालू. 'लांडगा आला' या गोष्टीतल्याप्रमाणे मालक चार दिवसांनी तिकडे पाहणे सोडून देतो, अथवा ती बंद करतो. आणि ज्याने फक्त वरचीच मर्यादा लावली असेल त्याची गत याहून वाईट. 1.8चा दाब अडीच व्होल्टवर चढला, तरी पहारेकरी गप्प! नुसता चुकीचा आकडा माणसाला बुचकळ्यात टाकतो, पण गप्प राहिलेला पहारेकरी त्याला निर्धास्त करून ठेवतो, आणि हे अधिक घातक होय.

म्हणून दुरुस्तीत वाचण्याचा आणि लिहिण्याचा, असे दोन्ही हिशेब एकाच नव्या तक्त्यावरून झाले पाहिजेत. वाचण्याचा तेवढा सुधारला आणि लिहिण्याचा राहिला, तर 1710 लिहून लगेच वाचले असता 3424 परत येतील. ही चाचणी कोणालाही करता येते: मर्यादा लिहावी आणि तीच परत वाचून पाहावी. दोन्ही वाटा बरोबर असतील, तर 1710 भागिले 16 म्हणजे जवळची पायरी 107 आणि परत वाचल्यावर 1712. दोन मिलिव्होल्टचा हा फरक चूक नव्हे, तो पायरीच्या रुंदीमुळे येतो. कोणता फरक चुकीचा आणि कोणता मापाच्या जाडीमुळे आलेला, हे ओळखणे हाही परीक्षणाचाच भाग आहे.

चौथा प्रश्न टोकांचा. मालकाने भलताच मोठा किंवा उणे अंक दिला तर काय होते? शिडी 0 ते 255 एवढीच आहे, म्हणून अंक त्या दोन टोकांत बसवून घ्यावा लागतो. पण बसवावयाचा आधी की भागाकार आधी? 2024 साली अशा कित्येक ड्रायव्हरांत याच क्रमाची दुरुस्ती करावी लागली. उणे 9223372036854775808 ही यंत्राला धरता येणारी सर्वांत लहान संख्या. तिला जवळच्या पूर्णांकापर्यंत भागण्याच्या रीतीत आधी आणखी थोडे वजा होते. मग संख्या खालच्या काठावरून निसटते आणि गोल फिरून एकदम प्रचंड मोठी धन संख्या होऊन बसते. त्यामुळे सर्वांत खालची मर्यादा मागणाऱ्यास सर्वांत वरची मिळावयाची! उपाय इतकाच की आधी टोकांत बसवावे, मग भागावे. वाक्ये तीच, फक्त त्यांची अदलाबदल.

पाचवा प्रश्न माणसांचा. निम्मा आकडा पाहून काही मालकांनी आधीच आपल्या व्यवस्थापत्रकात 'दोनाने गुणावे' असे लिहून ठेवले असेल. ड्रायव्हर सुधारताच त्यांच्या पडद्यावर 1.8च्या जागी 3.6 दिसू लागतील, आणि ते म्हणतील, 'कालपर्यंत ठीक होते, दुरुस्तीनेच बिघडविले.' त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. तथापि चूक कायम ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे, कारण उद्या चिप विकत घेणारा प्रत्येकजण त्याच खड्ड्यात पडेल. उपाय असा की दुरुस्तीच्या टिपणात कोणत्या चिपा, कोणते दाब, पूर्वी किती दिसत आणि आता किती दिसतील हे स्वच्छ लिहावे. पाच वर्षांनी कोणी कोड्यात पडला, तर त्याला तेच टिपण वाट दाखवील.

शेवटची गोष्ट शिस्तीची. दुरुस्तीबरोबर जाता जाता नावे बदलणे, मांडणी नेटकी करणे असा दुसरा मजकूर मिसळू नये. एका दुरुस्तीत एकच काम असावे. पुढे ती मागे घ्यावी लागली, तर सुक्याबरोबर ओले जळू नये.

नाव घालणे म्हणजे काय

या सर्व तपासणीनंतर परीक्षक दुरुस्तीखाली आपले नाव घालतो, आणि ते त्या प्रणालीच्या इतिहासात कायमचे राहते. या नावाचा अर्थ लिनक्सच्या नियमांत नेमका लिहिलेला आहे. दुरुस्ती आपण तांत्रिक दृष्टीने तपासली. आढळलेल्या शंका करणाऱ्याला कळविल्या आणि त्याच्या उत्तरांनी आपले समाधान झाले. पुढे सुधारणेला जागा असली तरी आज ही दुरुस्ती घेण्याजोगी आहे आणि तिच्यात ज्ञात दोष नाही. मात्र ती सर्वत्र सांगितल्याप्रमाणे चालेलच, अशी हमी आपण देत नाही. या शेवटच्या कलमात कोणास पळवाट दिसेल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. जेवढे पाहिले तेवढेच सांगितले, न पाहिलेल्याची ग्वाही दिली नाही.

आणि ज्याने प्रत्यक्ष यंत्रावर चालवून पाहिले त्याचे नाव वेगळे घालतात. वाचून तपासणारा आणि चालवून पाहणारा यांच्या साक्षी निराळ्या, आणि दोन्हींची गरज असते. कागदावर निर्दोष ठरलेली दुरुस्ती यंत्रावर फसू शकते. एका यंत्रावर साधलेली दुसऱ्या यंत्राचे नुकसान करू शकते.

घरच्या घरी

वाचकांपैकी फार थोड्यांना कधी ड्रायव्हर तपासण्याची वेळ येईल. परंतु आकडे सांगणारी यंत्रे आता सर्वांच्याच हाती आहेत. रक्तदाब मोजणारे, साखर मोजणारे, विजेचे मीटर, वजनाचा काटा. यंत्राने सांगितले म्हणजे खरेच, असे मानणारे पुष्कळ, आणि एकदा फसल्यावर यंत्र म्हणजे खोटेच, असे म्हणणारेही पुष्कळ. दोघांनाही तपासण्याचे कष्ट नको असतात. आपल्या मुलांना आपण मधली वाट शिकवू या. आकडा दिसला की त्याचे एकक विचारावे. तो कोठे मोजला ते विचारावे. मध्ये कोणी गुणले किंवा भागले आहे काय, ते पाहावे. शंका आली तर दुसऱ्या मापाने ताडून पाहावे. आणि दुरुस्ती करावयाची झाली, तर आपल्या एकट्याच्या यंत्रावर ती साधते एवढ्यावर थांबू नये. तिच्यावर आणखी कोण कोण अवलंबून आहे, याची चौकशी करूनच हात घालावा.

उत्तर बरोबर आले तरी एकक न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा मी अर्धा गुण कापतो. मुले कुरकुरतात. त्यांनी हा लेख वाचला, तर तो अर्धा गुण कशासाठी जातो हे त्यांना कळेल अशी आशा आहे.